वास्तूचे नाव आणि भूखंडाचे मोल

वास्तुविशारद रिचर्ड नॉयट्रा यांनी कॅलिफोर्नियातील पाम स्प्रिंग्ज येथे १९४६ साली बांधलेले कॉफमन हाउस मे २००८ मध्ये ख्रिस्तीज या लिलावगृहाने विक्रीस काढले, ते घर म्हणून नव्हे, तर आधुनिक चित्रांच्या पंक्तीत बसणारी कलाकृती म्हणून. बोली दीड कोटी डॉलरपर्यंत चढली. पण व्यवहार फिसकटला. २०२० मध्ये अडीच कोटी मागितले गेले, २०२२ मध्ये पदरात पडले सुमारे एक कोटी एकतीस लाख.

तेव्हा देखणी छायाचित्रे, सजवलेले संकेतस्थळ आणि निर्मात्याच्या नावाचा उदोउदो हा निव्वळ डामडौल होय, असे कोणी म्हणेल. प्रस्तुत लेखकास ते मान्य नाही. नॉयट्रांचेच जवळच्या रँचो मिराज येथील मॅस्लन हाउस २००२ साली साडेचोवीस लाख डॉलरना विकले गेले आणि नव्या मालकाने महिन्याभरात ते जमीनदोस्त केले. त्याच्या लेखी मोल होते ते भूखंडाचे! नावामुळे किंमत भूखंडाच्या कितीतरी वर गेली, तर असा ग्राहक आपोआप दूर राहतो.

अर्थात नावाचा भाव उतरतोही. शिवाय वास्तू टिकल्याचा लाभ साऱ्या समाजास, देखभालीचा भार मात्र एकट्या मालकावर. म्हणून पाडकामास मनाई करणारी अट विक्रेत्याने खरेदीखतातच घालावी. तिच्यापायी किंमत काहीशी घटेल. ती घट त्याने सोसावी आणि ती अट संकेतस्थळाच्या पहिल्याच पानावर, छायाचित्रांच्या शेजारी छापावी.