मासाच तो!

‘‘अहो, मासाच तो! मेला तर दुसरा आणा.’’ गेल्या वर्षभरात हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकले आहे की, आता त्याचा रागही येत नाही. दुकानदार म्हणाला, खोलीवरचे मित्र म्हणाले, आणि एका आदरणीय सरांनीही हसत हसत तेच सुचविले. या सर्वांशी माझा मतभेद आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझा मासा म्हणजे बाजारात ज्याला ‘फायटर’ म्हणतात तो बेट्टा. मूळचा थायलंडकडचा, त्या देशाने २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. बी. ए.च्या पहिल्या वर्षासाठी अमरावतीला आलो, तेव्हा खोलीला शोभा म्हणून मी तो विकत आणला. आज मी तिसऱ्या वर्षाला आहे आणि तो म्हातारा झाला आहे. कारण या माशाचे आयुष्यच साधारण दोन ते चार वर्षांचे. त्याचा निळा रंग विटला, शेपटीच्या चिंध्या झाल्या. दिवसातला बराच वेळ तो तळाशी आडवा पडून असतो.

प्रथम माझा गुन्हा कबूल करतो. ‘हा पेल्यातसुद्धा जगतो’ असे ऐकून मी त्याला पहिले आठ महिने काचेच्या बरणीत ठेवले. हा मासा कल्ल्यांखेरीज पाण्याच्या वर तोंड काढूनही हवा घेऊ शकतो; त्यामुळे थोड्या पाण्यात तो लगेच मरत नाही, एवढेच त्यातले खरे. उरलेले खाद्य आणि विष्ठा यांपासून पाण्यात अमोनिया तयार होतो. पाणी जितके थोडे, तितके हे विष लवकर साचते आणि कल्ल्यांना इजा करते; घाणेरड्या पाण्यात पर कुजू लागतात. त्यातून आपले वऱ्हाडचे हवामान! पंचवीस ते सत्तावीस अंश मानवणारा हा जीव. अकोल्याला मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि हिवाळ्यात पहाटे हुडहुडी भरते. बरणीभर पाणी दुपारी तापते, पहाटे निवते. तरुणपणी त्याने हे सारे मुकाट्याने सोसले. म्हातारपणी दुखणे बाहेर आले, तेव्हा लोक म्हणाले, ‘‘वय झाले.’’ वय झाले हे खरे. पण त्यात माझाही हात होता.

मग मी त्याला वीस लिटरच्या टाकीत हलविले. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून, दर तीन-चार दिवसांनी चौथाई पाणी बदलू लागलो. हवा घ्यायला वर येताना दम लागू नये म्हणून पाण्याची पातळी उतरवली. खाद्य मोजून दोन-तीन दाणे. पोट फुगले तर एक दिवस उपास. अंदाजाने औषधे ओतणे बंद केले. यात मोठी विद्या नाही आणि फारसा खर्चही नाही. रोज पाच मिनिटे त्याच्याकडे नीट पाहावे लागते, एवढेच.

उन्हाळ्याच्या सुटीत त्याला डब्यात घालून एस. टी.ने अकोल्याला घरी नेले. आमच्या भागात नळ रोज येत नाही. पाणी बदलताना आजी ओट्यावरून पाहत होती. म्हणाली, ‘‘काऊन रे, त्या मासोयीचं पानी बदलाले तुले टाइम भेटते, माह्या टोंगयाले तेल लावाले नाही भेटत?’’

माझ्याजवळ उत्तर नव्हते. माशावर दया करणारे आम्ही घरातल्या म्हातारपणाकडे पाठ फिरवतो, हा आक्षेप खोटा नाही. पण त्याचा अर्थ मासा सोडून द्यावा असा होतो काय? मला तसे वाटत नाही. काढलेले पाणी मी तुळशीला घातले आणि तेलाची वाटी घेऊन आजीजवळ बसलो. तिचे गुडघे इतके सुजलेले आहेत, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिले. माशाचे झिजलेले पर रोज न्याहाळले नसते, तर कदाचित तेही दिसले नसते.

राहिला प्रश्न किमतीचा. स्वस्तात मिळालेल्या जिवाची जबाबदारीही स्वस्त, असे आपण धरून चालतो. आपला कायदा तसे मानत नाही. १९६० चा प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणारा कायदा माणसाखेरीज प्रत्येक सजीवाला ‘प्राणी’ म्हणतो. प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात वा पात्रात कोंडणे, हा त्यात गुन्हा आहे. त्या व्याख्येत माझी बरणीही बसते! आणि कायदा कशाला हवा? ज्या गाडगेबाबांची समाधी आपल्याच अमरावतीत आहे, त्यांच्या दशसूत्रीत मुक्या प्राण्यांना अभय देण्याचे सूत्र आहे. त्यात प्राण्यांची किंमत विचारलेली नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे : ज्याचे म्हातारपण काढण्याची तयारी नाही, तो जीव शोभेसाठी विकत आणू नये. आणि आणलाच, तर ‘दुसरा आणू’ हे त्याच्या आजारावरचे औषध समजू नये. आपल्या खोल्यांमधून अशा बरण्या पुष्कळ आहेत. मित्रहो, आज घरी गेल्यावर एकदा त्यांत डोकावून पाहा.

हा अंक आपल्या हाती पडेपर्यंत माझा मासा असेल की नाही, सांगता येत नाही. आज सकाळी त्याने एक दाणा खाल्ला. दुसरा तोंडात घेऊन टाकून दिला. तो मी चमच्याने काढून घेतला. संध्याकाळी पाणी बदलायचे आहे. आणि रविवारी अकोल्याला जायचे आहे. तेल संपले असेल.