कन्सोल घ्यायचाय? आधी घड्याळ बघा!

कॉलेजात हिशोब सोपा होता. वेळ भरपूर, खिसा रिकामा. नोकरी लागली की गणित उलटं! पगार जमा होतो, पण खेळायला फुरसत कुठाय? म्हणून ग्राफिक्सचे आकडे वाचण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा, आपल्याला सलग किती मिनिटं मिळतात?

अर्धा-पाऊण तासच मिळत असेल, तर हातात मावणारा कन्सोल बघा. २०१७ मध्ये आलेला निन्टेन्डो स्विच किंवा २०२२ चा स्टीम डेक. बटण दाबलं की गेम जिथल्या तिथे झोपतो, पुन्हा दाबलं की तिथूनच सुरू. कुकरची शिट्टी झाली, बाळ उठलं, बॉसचा फोन आला, नो टेन्शन! शिवाय टीव्ही सीरियलवाल्यांना मोकळा. आयात केलेला माल घेत असाल, तर वॉरंटीचं मात्र आधी विचारा.

रात्री दहानंतर टीव्ही तुमचाच? मग प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स. एक्सबॉक्सच्या 'क्विक रिझ्यूम'मुळे बरेच गेम्स सोडले तिथूनच उघडतात.

पण सगळ्यात मोठा निकष वेगळाच आहे. तुमची गँग कुठे खेळते? एक पुण्यात, एक बंगळुरूत, एक न्यू जर्सीत. प्रत्यक्ष भेट वर्षातून एकदा, तीही कुणाच्या तरी लग्नात. शनिवारी हेडसेट लावून एक मॅच झाली, की शिव्यांसकट सगळ्या गप्पा होतात. सगळे गेम्स क्रॉस-प्ले नसतात, तेव्हा कार्ड स्वाइप करण्याआधी ग्रुपवर विचारा. एकट्याने धूळ पुसायला इतका महाग डबा कशाला?