घोरणाऱ्याची झोप गाढ नसते

‘पाठ टेकली की घोरायला लागतात, नशीबवान आहेत!’ हे आपल्याकडे कौतुकानं बोललं जातं. घोरणं म्हणजे गाढ झोप, ही समजूत त्यामागे असते. ती साफ चुकीची आहे.

झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, जीभ मागे सरते, हवेची वाट अरुंद होते. त्या चिंचोळ्या वाटेतून श्वास ओढताना मऊ टाळू थरथरतो, तोच घोरण्याचा आवाज. काहींची वाट पुरती मिटते. छाती-पोट हलत राहतं, हवा मात्र आत जात नाही. प्राणवायू घटतो, मेंदू दचकून जागा होतो आणि मोठ्या घुरक्यासरशी श्वास परततो. सकाळी यातलं काहीही आठवत नाही. किमान १० सेकंदांचे असे अडथळे तासाला ३० च्या वर गेले, की डॉक्टर त्याला गंभीर स्लीप ॲप्निया म्हणतात. म्हणजे दर दोन मिनिटांनी झोपमोड. हिला गाढ झोप म्हणायचं?

‘आमचे आजोबा जन्मभर घोरले, नव्वदी गाठली!’ गाठली असेल. घोरणारा प्रत्येक जण रोगी नसतो, हे मान्यच. पण घोरणं मध्येच थांबून धापेनं सुरू होत असेल, दुपारी बसल्याजागी पेंग येत असेल, गोळ्या घेऊनही रक्तदाब उतरत नसेल, तर आजोबांचा दाखला कामाचा नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा डॉक्टरांनी याच विकाराचं नाव घेतलं होतं.

‘हा जाड्या पुरुषांचा आजार’ हेही अर्धसत्य. वजन मोठं कारण खरंच. पण जबडा लहान असलेल्या सडपातळ माणसालाही तो गाठतो. बायकांमध्ये तर अनेकदा नुसता थकवा नि तुटक झोप दिसते, आणि घरचे ‘टेन्शन घेतेस’ म्हणून मोकळे होतात. झोपेसाठी दोन पेग सुचवणाऱ्यांबद्दल काय बोलावं! दारूनं घसा आणखी सैल पडतो.

उपाय आहेत. वजन उतरवणं, कुशीवर झोपणं याचा अनेकांना फायदा होतो. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी मास्कमधून दाबानं हवा सोडून घसा उघडा ठेवण्याची पद्धत मांडली. आजचं सीपॅप यंत्र तेच. नळी लावून झोपणं देखणं नाही, कबूल. पण चष्मा लावताना आपण इतके लाजतो का? तपासणीला जाताना मात्र शेजारी झोपणाऱ्या माणसाला सोबत न्यावं. श्वास थांबतो हे घोरणाऱ्याला ठाऊकच नसतं. डॉक्टरांना ते तीच व्यक्ती सांगू शकते.