राजदंड कोणाचा आणि जमीन कोणाची?

नव्या संसद भवनाचे उद्घाटन २८ मे २०२३ रोजी झाले. प्रजासत्ताकाच्या प्रमुख, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांना त्या समारंभाचे निमंत्रण नव्हते. तमिळनाडूतील शैव मठाधिपतींना मात्र सन्मानाने पाचारण करण्यात आले होते. सावरकरांच्या जयंतीचा मुहूर्त साधून पंतप्रधानांनी सोन्याचा मुलामा दिलेल्या एका चांदीच्या दंडापुढे साष्टांग दंडवत घातला आणि मंत्रघोषात तो लोकसभाध्यक्षांच्या आसनाशेजारी बसवला. त्याच दिवशी, त्याच भवनाकडे न्याय मागण्यास निघालेल्या महिला कुस्तीगिरांना पोलिसांनी रस्त्यावरून फरफटत नेले. कम्युनिस्ट पक्षांसह बहुतेक विरोधी पक्षांनी समारंभावर बहिष्कार घातला होता. तो का, हे समजण्यासाठी या दंडाची कुळकथा पाहिली पाहिजे.

कुंभकोणमजवळच्या आडुतुरै गावापासून काही किलोमीटरांवर तिरुवावडुतुरै हे शैव मठाचे ठाणे आहे. १९४७ साली या मठाने मद्रासच्या वुम्मिडी बंगारू चेट्टी यांच्या पेढीकडून सुमारे पाच फुटांचा हा सेंगोल घडवून घेतला. शिखरावर न्यायाचे प्रतीक म्हणून नंदी, खाली समृद्धीचे प्रतीक म्हणून लक्ष्मीची उठावातील आकृती. १४ ऑगस्टच्या संध्याकाळी मठाचे प्रतिनिधी तो घेऊन दिल्लीत नेहरूंच्या निवासस्थानी गेले. राजरत्नम पिळ्ळै यांचे नादस्वर वाजले (त्या मिरवणुकीतील अस्सल सोने हेच असावे), भस्म लावले गेले, भेट स्वीकारली गेली. पुढे हा दंड अलाहाबादच्या वस्तुसंग्रहालयात नेहरूंना मिळालेल्या भेटवस्तूंमध्ये छडी म्हणून पडून राहिला. एवढी हकीकत खरी आहे.

परंतु एवढ्याने सत्ताधाऱ्यांचे भागत नाही. गृहमंत्र्यांनी २४ मे २०२३ रोजी असा डांगोरा पिटला की, हा दंड म्हणजे ब्रिटिशांकडून भारतीयांकडे झालेल्या सत्तांतराची खूणच होय. तो आधी माउंटबॅटनच्या हाती देऊन मग नेहरूंना अर्पण केल्याची दंतकथाही प्रसृत झाली. या दंतकथेला समकालीन सरकारी दस्तऐवजाचा आधार पुढे आलेला नाही. ‘टाइम’ साप्ताहिकाच्या २५ ऑगस्ट १९४७ च्या अंकात नेहरूंच्या घरच्या विधीचे वर्णन आहे. त्यात माउंटबॅटनचे नाव नाही. आणि त्या मध्यरात्री घटना समितीच्या सभासदांनी जी प्रतिज्ञा घेतली ती भारताच्या व भारतीय जनतेच्या सेवेची होती. तेथे राजाही नव्हता आणि राजगुरूही नव्हता.

वाद धातूचा नाही, त्या धातूतून बोलणाऱ्या रूपकाचा आहे. पुरोहिताने दंड द्यावा, राजाने तो घ्यावा आणि प्रजेने हात जोडून पाहावे, हा त्याचा अर्थ. राज्यघटनेच्या प्रारंभीच ‘आम्ही भारताचे लोक’ सार्वभौम ठरले, त्याच्या नेमका उलट! शिवाय ज्या तमिळ परंपरेचे गोडवे गायिले जातात ती तरी यांनी समजून घेतली आहे काय? सेंगोल म्हणजे सरळ दंड. ‘शिलप्पदिकारम्’मधील पांड्य राजाला कोवलनचा आपण अन्यायाने वध केल्याचे उमगते, तेव्हा आपला दंड वाकला हे ओळखून तो प्राण सोडतो. त्या परंपरेत दंड राजाला जाब विचारतो. दिल्लीत तो जाब विचारणाऱ्यांना धाक घालण्यासाठी उभा केला आहे.

मठाला १९४७ साली ही भेट देण्याची निकड का वाटली? अण्णादुरै यांनी ‘द्राविड नाडु’मध्ये त्याच महिन्यात याचे मर्म उलगडले होते: मठांना आपल्या दौलतीची चिंता होती. तंजावर जिल्ह्यातील कावेरीकाठची भातशेती मिरासदार, देवळे आणि मठ यांच्या मुठीत होती. तिरुवावडुतुरैचा मठ हजारो एकरांचा धनी. जमीन कसणारे कूळ आणि पिढ्यान्‌पिढ्या राबणारे पण्णैयाळ, ज्यांतील बहुसंख्य दलित, यांच्या वाट्याला मात्र चाबूक आणि शेणाचे पाणी पाजण्याची शिक्षा. तंजावरच्या शेतमजुराला ठाऊक असलेला दंड हा असा होता. १९४० च्या दशकात बी. श्रीनिवास राव यांच्यासारख्या कम्युनिस्टांनी गावोगाव लाल बावटा नेऊन या शिक्षा बंद पाडल्या. १९५२ मध्ये राजाजींच्या सरकारला तंजावरच्या कुळांसाठी व पण्णैयाळांसाठी संरक्षण कायदा करावा लागला. सेंगोलच्या दंतकथेत ज्यांना सूत्रधार केले आहे, तेच हे राजाजी! १९६१ च्या जमीन कमाल धारणा कायद्यातून सार्वजनिक धार्मिक न्यास मात्र वगळले गेले. नंदी आणि लक्ष्मी यांनी आपल्या भक्तांचे रक्षण बरे केले.

याच जुन्या तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी येथे २५ डिसेंबर १९६८ रोजी, वाढीव मजुरीसाठी लढणाऱ्या दलित शेतमजुरांच्या कुटुंबांतील ४४ माणसे एका झोपडीत जिवंत जाळण्यात आली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. आरोपी जमीनदाराला मद्रास उच्च न्यायालयाने १९७३ मध्ये निर्दोष सोडले. कावेरीकाठचे प्रतीक संसदेत हवेच असेल, तर त्या झोपडीची राख ठेवण्याची छाती सत्ताधाऱ्यांना आहे काय?

मराठी वाचकाला तंजावर परके नाही. तेथील भोसले घराण्याचे सरफोजीराजे यांच्याशी कंपनीने १७९९ साली तह केला आणि राज्यकारभार काढून घेतला. राजांकडे सिंहासन, दरबार आणि राजचिन्हे राहिली; सारा वसूल करण्याचा अधिकार गेला. १८५५ मध्ये शिवाजीराजे वारल्यावर उरलेले नावही संपले. सत्ता राजचिन्हात नसते, साऱ्यात आणि जमिनीत असते, हे कंपनीच्या व्यापाऱ्यांना चांगले कळत होते. आजच्या मक्तेदारांनाही ते कळते. चिन्हांची आरास जनतेसाठी आहे.

त्या आराशीखाली काय चालते ते लवकरच दिसले. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेच्या सुरक्षेतील त्रुटीबद्दल निवेदन मागणाऱ्या विरोधकांची गठ्ठ्याने हकालपट्टी सुरू झाली. दोन्ही सभागृहांतील १४६ खासदार निलंबित झाले आणि बाके ओस पडली असताना तीन नवे फौजदारी कायदे संमत करून घेण्यात आले. जून २०२४ मध्ये खासदार आर. के. चौधरी यांनी सेंगोलच्या जागी राज्यघटनेची प्रत ठेवण्याची मागणी केली, तेव्हा तमिळ संस्कृतीच्या अपमानाचा कांगावा झाला. ती मागणी रास्त आहे. दंड वस्तुसंग्रहालयात परत जावा, आणि त्याच्या नोंदीत तो १९४७ साली कोणत्या मठाने दिला याबरोबर त्या मठाची जमीन कोण कसत होते, हेही लिहिले जावे.