दोरावरची मुलगी आणि आपली मुले

चैत्र-वैशाखात शिरूर आणि दौंड तालुक्यांतील गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की एखाद्या मोकळ्या जागी बांबूंच्या दोन कैच्या उभ्या राहतात, ढोलके वाजू लागते आणि डोंबाऱ्याचा खेळ मांडला जातो. पूर्वीच्या मानाने हे खेळ आता विरळ झाले आहेत. तरीही जेथे ते होतात, तेथे सुशिक्षित पालकांची पंचाईत होते. चार-पाच वर्षांच्या मुलाचे बोट धरून तेथे थांबावे, की मान फिरवून पुढे जावे? दोरावरची मुलगी आपल्या मुलाहून फार तर दोन-तीन वर्षांनी मोठी असते. तिचा जीव टांगणीला लागलेला असताना टाळ्या पिटणे हे क्रौर्य आहे, असे पुढे जाणाऱ्यांचे म्हणणे असते. ते सर्वस्वी चुकीचे नाही.

तरीही थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आजच्या मुलांनी पडद्यावर हजार उड्या पाहिलेल्या असतात. पण तेथे पडणारा माणूस कापून टाकलेला असतो. येथे दोर लचकतो, पोरीच्या पायाचा अंगठा दोर चाचपतो, खाली बापाची नजर एका क्षणासाठीही ढळत नाही. आमच्या घरातील एका चिमुरडीने हा खेळ पाहताना एवढेच विचारले, “ती शाळेत कधी जाते?” कोणत्याही वाहिनीवरील कार्यक्रम पाहून तिला हा प्रश्न पडला नव्हता.

या समाजाचे ऋण आपल्या भाषेवरही आहे. ‘कोलांटउडी’ हा शब्द कोल्हाट्यांनी दिला. मंत्रिमहोदयांची ‘तारेवरची कसरत’ तर वृत्तपत्रांत नित्याचीच झाली आहे (ती करताना मंत्री कधी पडत नाहीत, हा भाग वेगळा). ज्यांच्या अंगी ही कला खरोखर आहे, त्यांच्याशी कायदा मात्र कसा वागला? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी अनेक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पण १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने सार्वजनिक जागी गाऊन, नाचून किंवा खेळ करून पैसे मागणे भिक्षेच्या व्याख्येत बसविले. हा कायदा परकीयांचा नव्हे, आपणच केलेला आहे.

याच मातीत दुसऱ्या बाजूला काय घडले तेही पाहावे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवसंजीवनी दिली. २०१९ मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कवर त्याची जागतिक स्पर्धा भरली आणि २०२४ मध्ये उदय देशपांडे यांना पद्मश्री मिळाली. याचा अभिमान प्रत्येक मराठी माणसाला वाटावा. परंतु तोल, लवचीकता आणि निर्भयता हेच ज्या खेळाचे भांडवल, तो आखाड्यात झाला तर क्रीडा आणि रस्त्यावर झाला तर भीक, हा भेद कोणत्या न्यायाने?

मुलांच्या संरक्षणाचा प्रश्न खराच आहे. १८८० मध्ये विष्णुपंत छत्र्यांनी मुंबईत पहिली भारतीय सर्कस उभी केली. त्या परंपरेत पुढे लहान मुलांचे शोषणही शिरले आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सर्कशीत बालकांना कामास ठेवण्यास मनाई करावी लागली. ते योग्यच झाले. मात्र २०१६ मध्ये बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा सर्कस वगळून चित्रपट, मालिका आणि जाहिरातींत मुलांनी काम करण्यास सशर्त मुभा देण्यात आली. झगझगीत दिव्यांखाली रात्री उशिरापर्यंत कोलांट्या मारणारे मूल ‘कलाकार’ ठरते, आणि त्याचे आईवडील पाहुण्यांना अभिमानाने तो कार्यक्रम दाखवतात!

डोंबाऱ्याच्या मुलीला दोरावरून उतरवणे म्हणजे तिची कला हिरावून घेणे नव्हे. चिंचवड येथे गिरीश प्रभुणे यांच्या पुढाकाराने चाललेल्या पुनरुत्थान समरसता गुरुकुलम्‌मध्ये भटक्या-विमुक्तांची मुले शालेय शिक्षणाबरोबर पारंपरिक कौशल्येही शिकतात. तालुक्याच्या शाळांतील क्रीडाशिक्षकांनी अशी एखादी मुलगी मल्लखांबावर चढवून पाहावी. शहरी मुलांना जे अंगवळणी पडायला वर्षे लागतात, त्यातील बरेचसे तिच्या अंगी आधीच भिनलेले असेल.

तोवर जत्रेत आपण काय करायचे? मुलाला पुढे बसवावे, खेळ पुरता पाहू द्यावा, परातीत नाणे न टाकता नोट ठेवावी, तीही मुलाच्या हाताने. खेळ आटोपल्यावर बापाशी दोन शब्द बोलावेत. शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा दाखला नाही म्हणून कोणत्याही मुलास प्रवेश नाकारता येत नाही, हे त्याला बहुधा कोणी सांगितलेले नसते. शिरूर-दौंड हा उसाचा पट्टा. ऊसतोड कामगारांच्या स्थलांतरित मुलांना वर्गात सामावून घेणे येथील शिक्षकांना नवे नाही. जिल्हा परिषदेची शाळा जत्रेच्या मैदानापासून फार लांब नसते. बापाला आणि त्या मुलीला घेऊन मुख्याध्यापकांपर्यंत चालत जायला कितीसा वेळ लागतो?