हप्त्याची तारीख

खाशाबा जाधवांचं १९५२ चं हेलसिंकीचं कांस्यपदक आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामागचं कर्ज मात्र कमी जणांना आठवतं. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड घेऊन ते फेडले. ही गोष्ट आठवली की पदकाआधी मला ते घर दिसतं.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या कबड्डी मंडळात कर्जाचा विषय निघाला, तेव्हा बैठकीत मी हीच गोष्ट सांगितली. पुढे एवढंच म्हटलं, की आता कुणाचं घर गहाण पडायला नको. सगळे गप्प झाले. त्याला कारण होतं. पूर्वी एका स्पर्धेसाठी आमच्यातल्याच एका कार्यकर्त्यानं बायकोच्या पाटल्या ठेवून पैसे आणले होते. वर्गणी कमी पडली. पाटल्या सुटायला दोन दिवाळ्या गेल्या, आणि तो माणूस पुन्हा मैदानाकडे फिरकला नाही.

म्हणून कर्ज मंडळाच्या नावावर आणि तारण मंडळाचीच जागा, असं ठरलं. मंडळ म्हणजे नोंदणीकृत सार्वजनिक न्यास. १९५० च्या कायद्यानुसार विश्वस्तांना धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय न्यासासाठी कर्ज काढता येत नाही. आमचे हिशेब तर एका डायरीत! ते नीट लिहून, तपासून घेऊन परवानगी मिळेपर्यंत सात महिने गेले. त्या सात महिन्यांत मंडळ पहिल्यांदा संस्थेसारखं वागायला शिकलं, असं मला मनापासून वाटतं.

घाई होती ती मुलींच्या संघासाठी. जून लागला की मातीचं मैदान म्हणजे चिखल, चार महिने सराव बंद. वर्गणीतून शेड व्हायला दहा वर्षं लागली असती. तोवर चौदा वर्षांची पोर चोवीसची होते, बहुतेक वेळा सासरी असते. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठीचं प्रमाणपत्र ऐन उमेदीच्या वर्षांतच कमवावं लागतं.

तालुक्याच्या पतसंस्थेनं ६ लाख दिले, १२ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. मुरूम आणि श्रमदान गावाचं. हप्ता महिन्याला साधारण १३,३५० रुपये. म्हणजे एकूण दोन लाख व्याजात जाणार. त्यावर हळहळणारे वडीलधारे आहेत, आणि त्यांचं दुःख मला कळतं. पण या हप्त्यानंच मंडळाचं दार उघडं ठेवलं. पूर्वी ते फक्त स्पर्धेच्या आठवड्यात उघडायचं. आता पहाटे पोलीस भरतीची मुलं-मुली येतात. १६०० आणि ८०० मीटर रस्त्यावर धावून बाकीचा व्यायाम शेडमध्ये. दुपारी बचत गटाची बैठक असते. लग्नसराईत मॅटचे तुकडे उचलून कोपऱ्यात रचतात आणि साखरपुडे होतात. प्रत्येकाची पावती फाडली जाते. जी बाई मंडळाला ‘पोरांचा अड्डा’ म्हणायची, तीच आता तारीख मागायला येते.

ओढाताण होतेच. गेल्या मे महिन्यात एका सोयऱ्याच्या कार्यक्रमानं सराव बुडाला. मुली काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी निम्म्याच आल्या. तेव्हा ठराव झाला, की संध्याकाळी पाचनंतर शेड कुणालाही द्यायची नाही, कितीही पैसे मिळोत. त्या महिन्यात हप्त्याला दोन हजार कमी पडले, ते सभासदांनी घातले.

परवा पाऊस पत्र्यावर एवढा वाजत होता की शिट्टी ऐकू येईना. प्रशिक्षक हातवारे करून शिकवत होते. बारा बाय आठ मीटरच्या मॅटवर सातजणी एकमेकींचे हात धरून साखळी करून उभ्या होत्या, समोर चढाईला आलेली मुलगी जेमतेम तेरा वर्षांची. दाराशी खजिनदार पावतीपुस्तक मांडीवर घेऊन बसला होता. बत्तीस हप्ते राहिलेत.