कारण नसलेली संध्याकाळ

बाई घराबाहेर पडली की तिच्या हातात काहीतरी असावं लागतं. भाजीची पिशवी, मुलाचा डबा, ऑफिसची फाईल, नाहीतर ओटीचं सामान. रिकाम्या हाताने, आणि तेही दिवेलागणीनंतर निघाली, की गल्लीच्या तोंडाशीच पहिला प्रश्न येतो, "काय, कुठे निघालात?" विचारणारीच्या मनात वाईट काही नसतं. पण उत्तर तयार ठेवायची सवय आपल्याला इतकी लागली आहे, की चपला घालता घालताच आपण कारणही शोधून ठेवतो. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी २०११ मध्ये ‘व्हाय लॉइटर?’ नावाचं पुस्तक लिहिलं. मुंबईसारख्या शहरातसुद्धा बाईला आपण कामाने निघालोय हे दाखवतच रस्त्यावरून चालावं लागतं, नुसतं रेंगाळायची मुभा तिला नाही, असं त्यांनी त्यात मांडलंय. मुंबईची ही गत, तर आमच्या पेणची काय कथा!

हे पुन्हा डोक्यात घोळायला निमित्त झालं ते एका रॉक कॉन्सर्टचं. हसू नका. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, भावगीतांवर वाढलेली, पंचेचाळिशी ओलांडलेली बाई. गिटार कर्कश वाजायला लागली की मुलाला "आवाज कमी कर" म्हणून ओरडणारी. पण २१ जानेवारी २०२५ ला मी नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या कार्यक्रमाला गेले होते. नवऱ्याबरोबर नाही, मुलांबरोबर नाही. कामावरच्या मैत्रिणीबरोबर.

ती आमच्या संस्थेत हिशेब बघते. माझ्याहून बारा वर्षांनी लहान. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तिचा नवरा गेला. मुलगा चौथीत, घरी सासू-सासरे. तिला विचारूनच हे लिहिते आहे, फक्त नाव घालू नका म्हणाली.

या कार्यक्रमाची तिकिटं सप्टेंबर २०२४ मध्ये विक्रीला आली तेव्हा एक कोटीहून जास्त लोक मोबाईल आणि कॉम्प्युटरवर रांगेत उभे होते. दर २,५०० पासून थेट ३५,००० रुपयांपर्यंत, आणि काळ्या बाजारात तर लाखाच्या गोष्टी. असल्या किमतींना माझा विरोध आहे, तो आजही आहे. पण नोव्हेंबरात बँडने थोडी तिकिटं २,००० रुपयांना काढली. अट अशी की ती जोडीनेच घ्यायची. दोन खुर्च्या, शेजारी शेजारी. त्या शुक्रवारी दुपारी बारा वाजता आमच्या हिशेबनीस बाई व्हाउचरं बाजूला सारून मोबाईलला चिकटल्या आणि थोड्या वेळाने माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "ताई, मिळाली. दुसरं तुमचं."

आता ‘जोडीने’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? सत्यनारायणाला जोडीने बसायचं, वास्तुशांतीला जोडीने, लग्नाच्या अहेराला जोडीने. म्हणजे नवरा-बायको. ज्यांची जोडी मोडली त्यांनी मागच्या खोलीत प्रसादाच्या वाट्या भरायच्या. आणि इथे कुठल्या कोण इंग्लंडातल्या पोरांनी म्हणावं, जोडीने या, आणि जोडी कसली ते विचारूही नये! मला ते फार आवडलं. गाणी मी तोवर एकही ऐकलेली नव्हती.

कार्यक्रम मंगळवारी, म्हणजे कामाच्या दिवशी. सकाळी दोन्ही वेळचा स्वयंपाक करून निघाले. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात म्हटलंय की घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ८८. त्या दिवशीची माझी २८९ मिनिटं सकाळी नऊच्या आत कशी बसवली ते विचारू नका. ऑफिसात नेहमीची गर्दी. लाडक्या बहिणीचे पंधराशे आले नाहीत म्हणून तिघी बसलेल्या, त्यातल्या दोघींच्या खात्याला आधार जोडलेलं नव्हतं. बचतगटाच्या पासबुकांचा ढीग. आणि बारा वाजता एक समुपदेशन. नवरा, बायको, आणि बायकोपेक्षा जास्त बोलणारा मोठा दीर. तक्रार काय, तर ही न सांगता बहिणीकडे जाऊन आली. चार तासांत परत आली होती. तरी "न सांगता" हा शब्द त्या दिराने दहा वेळा उच्चारला. त्या बाईने मान वर केली नाही. बहिणीकडे काय काम होतं, असं मीही तिला विचारणार होते, पण प्रश्न गिळला. काम असायलाच पाहिजे का?

सव्वातीनला आम्ही निघालो. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे मार्च २०२३ पासून, त्याचा फायदा घेत पनवेल, तिथून लोकल. खिडकीशी बसून तिने डब्यातले तिळाचे लाडू काढले. संक्रांत होऊन आठवडाच झाला होता.

संक्रांतीवरून सांगते. त्याच संध्याकाळी आमच्या शेजारी हळदीकुंकू होतं. "रात्रीचं कुठे जाताय आमचं हळदीकुंकू सोडून?" असा लटका राग शेजारणीने व्यक्त केला, तो मी हसून सहन केला. हळदीकुंकवावर मी कधी टीका करत नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी घराबाहेर पडायला, चार बायकांत बसायला शोधलेलं ते कारणच होतं. मंगळागौरीचं जागरण तर त्याहून भारी. रात्रभर फुगड्या, झिम्मा, नाच, पहाटेपर्यंत दंगा, आणि कोणाची बोलायची टाप नाही, कारण देवीचं नाव पुढे! पण या कारणाच्या दारात एक पहारेकरीण बसवलेली आहे. कुंकू नसेल तर आत प्रवेश नाही. रथसप्तमीपर्यंत ऑफिसातल्या आम्ही बाकीच्या वाण म्हणून मिळालेल्या प्लास्टिकच्या डब्यांची थट्टा करत असतो आणि ही आपल्या वह्यांत मान घालून बसते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात बाकीच्या ग्रामपंचायतींनीही तो आदर्श घ्यावा असं परिपत्रक राज्य सरकारने काढलं. आम्ही ते परिपत्रक फ्रेम करून भिंतीला लावलंय. तरी आमच्या गल्लीतलं आमंत्रण अजून तिच्यापर्यंत पोचलेलं नाही.

कार्यक्रमाविषयी मी समीक्षा वगैरे लिहिणार नाही, माझा तो अधिकार नाही. आमच्या लुधियानाच्या जसलीन रॉयलचं सुरुवातीचं गाणं आम्हाला चुकलं, एवढं वाईट वाटलं. आत शिरताना मनगटावर एकेक पट्टा बांधतात. तो गाण्याबरोबर आपोआप पेटतो, रंग बदलतो, आणि जाताना परत द्यायचा असतो. हजारो मनगटं एकदम निळी, एकदम लाल. शब्द मला निम्मे कळले नाहीत. आवाज इतका, की छातीत धडधड होते. पहिली दहा मिनिटं मी पर्स पोटाशी धरून बसले होते. मग बघितलं तर पुढच्या रांगेत माझ्याच वयाची एक बाई लेकीच्या खांद्यावर हात टाकून उड्या मारत होती, अंगात पंजाबी ड्रेस, पायात साध्या चपला. म्हटलं, मंगळागौरीला गुडघे चालतात तर इथे का नाही? उठले.

‘यलो’ नावाचं त्यांचं एक जुनं गाणं आहे, २००० सालचं. ते लागलं आणि सगळं स्टेडियम पिवळंधमक झालं. माझी मैत्रीण माझ्या कानाशी ओरडली, "ताई, ही हळद चालते मला!" आणि जी हसायला लागली! तीन वर्षांत तिचा चढलेला आवाज मी ऐकलेला नव्हता. ऑफिसात व्हाउचर हरवलं तरी ती हळूच सांगते. त्या रात्री ती गळा फाटेस्तोवर ओरडत होती, आणि तिच्याकडे वळून बघायला कोणाला फुरसत नव्हती.

उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिवर्धक नको, हा २००० सालच्या नियमांचा दंडक. त्यामुळे अशा कार्यक्रमाला जागरण होत नाही. स्टेशनपर्यंत चालत गेलो. रस्त्यावर माणसंच माणसं, त्यात मुली, बायका, आज्या. लोकलने मानसरोवर, तिथून कामोठ्याला तिच्या मावशीकडे मुक्काम. इतक्या रात्री रस्त्यावरून चालताना मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही, हे मावशीच्या घरी अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं. मला तेव्हा आपली नवरात्र आठवली. गरबा चालू असतो तेव्हा आपल्याच गावाच्या रस्त्यावर रात्री उशिरापर्यंत नटलेल्या बायका फिरतात. कोणी हटकत नाही, कोणाला भीती वाटत नाही. दसरा झाला की आठ वाजता तोच रस्ता बायकांसाठी बंद! रस्ता तोच असतो आणि दिवेही तेच. बायका असल्या की बायकांना रस्ता आपला वाटतो, हे एवढं साधं आहे. नगरपालिकेने दिवे लावावेत, स्वच्छ स्वच्छतागृहं बांधावीत, रात्रीच्या गाड्या वाढाव्यात, हे आपण मागायचंच. पण ते सगळं होईपर्यंत घरात बसलो तर दिवे लागतील ते कुणासाठी?

माझ्या नवऱ्याने विचारलं होतं, "मी सोडायला येऊ? रात्री गाडी घेऊन येतो हवं तर." काळजीनेच विचारलं, याबद्दल शंका नाही. पण मैत्रिणींनो, या सोडण्या-आणण्यात आपली संध्याकाळ त्यांच्या सवडीला बांधली जाते. आमच्या बचतगटातल्या एकीला नाटकाचं भारी वेड आहे. सात वर्षांत एक प्रयोग बघितलेला नाही. का? तर "ह्यांना वेळ नसतो." ह्यांना वेळ नसतो, पण तुला असतो ना? कामासाठी बाई उशिरापर्यंत थांबलेली कायद्यालाही चालते. दुकानं आणि आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्याने आपल्या राज्यात साडेनऊपर्यंत बायकांना कामावर ठेवता येतं, पुढे तिची संमती आणि मालकाने घेतलेली सुरक्षेची जबाबदारी असेल तर रात्रभरसुद्धा. मालकासाठी राबताना चालते ती रात्र स्वतःसाठी मागितली की लगेच "शोभतं का?" होतं.

आणि हे ज्यांच्याबरोबर मागायचं त्या कामावरच्या मैत्रिणी आपण किती जपतो? पुरुषांचं ऑफिस सुटलं की टपरीवर चहा होतो, कधी ढाब्यावर जेवण होतं. आपलं ऑफिस सुटलं की मेथीची जुडी. दिवसाचे आठ तास जिच्या शेजारी बसतो, जिला आपल्या घरातलं सगळं माहीत असतं, तिच्याबरोबर आपण दिवसाउजेडाशिवाय कधी चाललेलोच नसतो. बहुतेक जणींच्या मैत्रिणी कोण, तर नवऱ्याच्या मित्रांच्या बायका नाहीतर मुलांच्या वर्गातल्या आया. कामावरची मैत्रीण तेवढी आपली स्वतःची कमाई असते.

आता बोलणाऱ्यांचं. बुधवारी दहाला आम्ही कामावर हजर होतो, पण गावात बातमी आमच्या आधी पोचली होती. मला कोणी काही म्हणालं नाही. मला नवरा आहे, त्यामुळे माझं ते ‘हौस’ ठरलं. तिला मात्र ऐकवलं गेलं. नवऱ्याला जाऊन चार वर्षंही झाली नाहीत आणि ही नाचायला जाते. पोराला टाकून जाते. दोन हजार रुपये उधळते. हे दोन हजार तिने स्वतःच्या पगारातून दहा महिने दोनशे-दोनशे बाजूला टाकून जमवले होते, वही आहे तिची. गावातल्या कुठल्या पुरुषाचा ढाब्यावरचा खर्च असा चौकात मोजला गेलाय?

पोराला तिची सासू सांभाळत होती. त्या माऊलीने सुनेला अडवलं नाही. फक्त निघताना म्हणाली, "जा गं, पण गावात सांगू नकोस." या वाक्याचा राग धरावा की त्या म्हाताऱ्या जिवाचं कौतुक करावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मैत्रिणीने मात्र विचारणाऱ्या प्रत्येकीला सरळ सांगितलं, गेले होते, मजा आली.

त्यानंतर ऑफिसात दुपारच्या डब्याला एकेकीने चौकशा सुरू केल्या. रॉकची नाही, नाटकाची. पनवेलला फडके नाट्यगृहात रात्रीचा प्रयोग किती वाजता सुटतो, जीप केली तर डोक्यावर किती पडतील, पुढची सीट कोणाला. बचतगटातली ती नाटकवेडीही नाव देऊन गेली आहे, ह्यांना न विचारता. आठ नावं झाली आहेत, जीपमध्ये नऊ बसतात.